दुपारची झोप

दाराच्या कडीला गुंडाळलेली ती चिंधी... धुऊन धुऊन तिचा रंग गेला होता, गाठ मात्र अजून घट्ट. कडी वाजू नये म्हणून केशरबाईनेच ती बांधली होती, नवऱ्याला – देवरावला – अकोल्याच्या गिरणीत रात्रपाळी लागली तेव्हा. तेव्हापासून या घरात दुपार म्हणजे रात्र. खिडकीला पोतं, पोरं बाहेर, मिरची कुटायची ती शेजारच्या माणिकबाईच्या अंगणात. आणि अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडून तिने काही विचारलं तरी उत्तर हाताच्या खुणेनं.

आता पाळी बदलून महिना होत आला होता. दिवसपाळी. सगळ्यांना वाटलं, सुटला माणूस. पण अंगाला कोण सांगणार? रात्रभर त्याचे डोळे सताड उघडे, आणि दिवसा गिरणीत सुताच्या साच्यासमोर उभ्या उभ्या मान खाली. मागच्या आठवड्यात तुटलेला धागा जोडताना अशीच डुलकी लागली. शेजारच्या कामगाराने ओढलं म्हणून बोटं वाचली. कुणी अफूची गोळी सुचवली, कुणी दारू. त्याने ऐकून घेतलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाला, "दुपारची झोप सोडतो आता. झोपलेला दिसलो त उठव मले. दया करू नको."

आज सुट्टी, म्हणजे खरी परीक्षा आजच. सकाळी तो उन्हात बसला, मोर्णा नदीवर आंघोळ करून आला, मागची भिंत लिंपायला घेतली... जेवण झाल्यावर मात्र त्याने खांबाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

ती जवळ गेली, पण पुढे केलेला हात तिथेच थांबला. इतकी वर्षं या झोपेवर मी पहारा दिला. तापलेलं पोर कडेवर घेऊन भर उन्हात गल्लीत फिरले, पण ही झोप मोडू दिली नाही... आणि आता मीच? ओठ किंचित उघडे, नखांत ओली माती. घटकाभर झोपला तर काय बिघडेल? मग तो साचा आठवला, ती बोटं आठवली. तिने खांदा धरून हलवलं.

"उठा जी. झोपाचं नाही."

त्याने डोळे उघडले. त्यांत असा संताप होता की ती मागे सरली. मग त्याला ओळख पटली असावी. तो उठला, रांजणातलं पाणी डोक्यावर ओतलं आणि पुन्हा मातीत हात घातला. हात जड पडत होते, लिंपण वाकडं जात होतं, पण तो थांबत नव्हता. केशरबाई पाहत राहिली. हा अबोल माणूस, ज्याला कुणावर आवाज चढवता येत नाही – आणि स्वतःच्याच अंगाशी असा भांडतो आहे, एकटा, आरडाओरडा न करता...

भिंतीपलीकडून माणिकबाईने विचारलं, "काहून वं, झोपले नाही आज भाऊजी?"

केशरबाईचा हात आपसूक वर गेला. तो खाली घेऊन ती म्हणाली, "नाही वं. जागे हायेत." आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली. देवरावने वळून पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तो हसला.

दिवेलागणीनंतर जेवताना त्याला जांभई आली, मग आणखी एक. ती भांडी आवरेपर्यंत त्याचा श्वास संथ झाला होता. उद्या काय होईल कोण जाणे... कंदील घेऊन ती उशाशी बसली. त्याचा झोपलेला चेहरा तिने इतकी वर्षं दिवसाच पाहिला होता. या उजेडात तो अनोळखी वाटला, थोडा लहानही. त्या सगळ्या रात्री, साच्यांच्या त्या गडगडाटात, या माणसाने डोळे कसे उघडे ठेवले असतील? मी कधी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. विचारीन.

वात बारीक करून ती आडवी झाली. झोप कुठेच नव्हती, आणि तिला तिची घाईही नव्हती.