गुडघे टेकण्याचा मान

मी चटई बोलते आहे, आणि आरंभीच मान्य करते की मत्सराने माझा धागा न् धागा जळतो.

नाकिगोझीच्या आजीने, जाज्जाने, मला विणले. आमच्या आफ्रिकेतल्या मसाका भागात पाहुणा आला की लेकी माझ्यावर गुडघे टेकतात. त्याने "कोणाची गं तू?" विचारले की बापाचे, आजोबांचे, गावाचे नाव सांगून आपले कूळ सांगायचे, ही रीत. सहा वर्षांची नाकिगोझी हे घडाघडा म्हणे. तो मान माझा होता.

मग तिच्या आईने फोन आणला. त्याला मऊ पिशवी, मला झाडूचे फटके. तिच्या पोटऱ्यांवर मी माझी नक्षी उमटवून पाहिली. फोनमध्ये गुंतलेल्या पोरीने खाजवलेसुद्धा नाही.

एका दुपारी फोनवरच्या खेळातून पुरुषी आवाज आला, "कोणाची गं तू, बाळ?" आणि तिने फोन माझ्यावर ठेवून त्याच्यापुढे गुडघे टेकले! बापाचे नाव, गाव, देवळामागचे घर, सारे सांगितले. माझा मान माझ्याच अंगावर लुटला जात होता. त्या जळफळाटात पुढचा प्रश्न मला उशिरा उमगला.

"शहाणी गं! आई घरी कधी नसते?"

दारात हिरवी केळी सोलणाऱ्या जाज्जाची सुरी थांबली. "कोण गं ते?"

"मामा आहेत. फोनमध्ये राहतात."

"आणि बाहेर आले तर?"

"काहीतरीच! एवढ्याशा फटीतून माणूस येतो का?"

जाज्जा हसली नाही. "त्याने स्वतःचं कूळ सांगितलं?"

"नाही."

"मग विचार. आपलं लपवून दुसऱ्याचं काढतो, तो पाहुणा नव्हे, टेहळ्या."

"मामा, तुम्ही कोणाचे?"

"आधी तू सांग ना, आई कधी..."

"मी तिची आजी," जाज्जा फोनवर वाकली. "बापाचं नाव सांग, बाबा."

खेळ चालूच राहिला. आवाज मात्र गेला.

आई आल्यावर नाकिगोझी रडली. "तो येईल?"

"ठाऊक नाही," आई म्हणाली. "सांगितलेलं परत घेता येत नाही, राणी. पण तुला एकटं ठेवणार नाही."

आता फोन सुरू होतो तो माझ्यावर, आजी-नातीच्या मधोमध. दोघींचा भार मी सोसते आणि दोघींची नजर त्याच्यावर! माझ्या कडा उसवत चालल्या. मत्सर मात्र शाबूत आहे. तरीही सांगते: लेकराच्या हाती फोन द्यायचा तर शेजारी बसा. अंथरायला मी आहे.