एकच पाइप

प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाबा बादलीसमोर उकिडवे बसून मनगटावरचं घड्याळ बघत होते. बादलीत जंतुनाशक घातलेलं पाणी आणि त्यात वेटोळं करून बुडवलेला हिरवा पाइप. त्याच पाइपाने त्यांनी नुकताच, आम्ही राहत होतो त्या गाडीतल्या संडासाचा डबा धुतला होता. मी पाहिलं होतं.

डबा अठरा लिटरचा. चार माणसांना जेमतेम एक दिवस पुरायचा. आई ज्या बाकावर झोपायची, त्याच्या बरोबर खाली तो बसवलेला होता. दुपारी वाळवंटात पारा चव्वेचाळीसवर गेला की गाडीत कुणी बोलत नसे, कारण बोलायला तोंड उघडावं लागतं. मैलोन् मैल एक झाड दिसलं नाही, पण माश्या होत्या. बाकाच्या फटीतून निघायच्या आणि थेट ओठांवर बसायच्या. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, पहिल्याच संध्याकाळी गाडीचं बारसं केलं होतं : फिरता संडास.

बाबांना हे विनोद ऐकू येत नव्हते. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांची थुंकी, लघवी आणि शौच तपासलं. निवृत्तीनंतर घर विकायचं, अशी एक राहण्याजोगी गाडी घ्यायची आणि फिरत राहायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण घर दोघांच्या नावावर होतं. आधी पाच दिवस भाड्याच्या गाडीत राहून बघते, मग सहीचं सांगते, असं आई म्हणाली होती. दलाल रोज फोन करत होता.

त्या घराच्या मागच्या दारी एक नळ आहे. बाबा कामावरून आले की मागून यायचे. तिथे त्यांचा वेगळा साबण, वेगळा टॉवेल. डोक्यावरून आंघोळ झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा आईचा नियम. तोवर आम्हा मुलांना त्यांच्याजवळ फिरकू देत नसे.

वीस मिनिटं भरली. बाबांनी पाइप झटकला, एक टोक मुक्कामाच्या जागेवरच्या पिण्याच्या नळाला लावलं आणि दुसरं गाडीच्या पाण्याच्या टाकीत खुपसलं.

"बाबा, हा तोच पाइप ना?"

"दुसरा पहिल्याच दिवशी उन्हाने तडकला. काही अडत नाही. प्रयोगशाळेत पाच मिनिटांत भागायचं, मी वीस ठेवतो."

"म्हणजे काल सकाळीसुद्धा..."

"कालही यानेच भरलं. प्यायलात ना सगळे? मग?"

आई गाडीच्या दारात उभी होती. हातात चहाचा कप, अर्धा संपलेला. तिने उरलेला चहा वाळूवर ओतला, कप तिथेच सोडला आणि गाडीच्या मागे गेली. उलटीत आधी चहा पडला, मग कालचं जेवण, मग नुसतं पिवळं पाणी. दादा बाटली घेऊन धावला.

"सील आहे का बघ आधी," आई म्हणाली.

बाबा टाकी भरतच होते. "अगं, जंतू मेले की मेले. किळस पाण्यात नसते, डोक्यात असते. तुझं पहिल्यापासून हेच. हिवाळ्यात मी कुठे आंघोळ करायचो? नुसतं डोकं ओलं करून आत यायचो. तुला पत्ताही लागला नाही. ही दोघं वाढलीच ना?"

ते हसले आणि दादाकडे बघू लागले. दादा हसला नाही.

"आणि टॉवेल?" आईने विचारलं.

"भिजवून टांगायचो."

"हात?"

"हात धुतलेच असतील."

"असतील?"

बाबांनी नळ बंद केला. लहानपणी मी त्यांच्या हातूनच जेवायचे. घास बोटांनी नीट मळून भरवायचे ते. मी थुंकले, पुन्हा थुंकले, तरी ती चव जाईना.

पुढच्या दीडशे किलोमीटरमध्ये आईने गाडीतल्या कशालाही हात लावला नाही. दादाशेजारी पुढच्या सीटवर बसली, बाटली मांडीत धरून.

पेट्रोल पंपावर रेंज आली आणि दलालाचा फोन वाजला. आईने तो दादाच्या हातातून घेतला.

"नमस्कार. घर विकायचं नाही... नाही हो, भाव वाढवून नको. विकायचंच नाही." फोन परत देऊन ती बाबांकडे वळली. "तुम्हाला गाडीची हौस आहे, तर घ्या. मागच्या अंगणात लावा, नळाजवळ. ताट मागच्या दारात मिळेल."

"अगं, एवढ्याशा पाइपावरून?"

"पाइपावरून नाही."

बाबा मग पंपाच्या नळावर गेले, साबण मागून घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा. पाणी निथळत होतं तसेच परत आले आणि दोन्ही हात आईसमोर धरले, उलटसुलट करून.

आई बाटलीचं बूच घट्ट करत होती. तिने वर पाहिलं नाही.