खंडेनवमीचं कुंकू आणि मानेपर्यंतचा मोर

मित्रांनो, मी येवल्यातल्या एका विणकराच्या घरचा जुना लॅपटॉप आहे. किती जुना ते विचारू नका. चार्जरची वायर काढली की त्याच क्षणी माझे डोळे मिटतात, एवढ्यावरून काय ते समजा. माझी एक बिजागरी सैल आहे आणि दोन बटणं रुसलेली आहेत. पण मला माणसं मोजायची खोड आहे. बटण दाबण्याआधी कोण हात पुसतं, कोण आधी शिव्या देऊन मग गोड बोलतं, सगळं माझ्याकडे टिपलेलं असतं. त्या टिपणात गेल्या वर्षीचे काही दिवस असे आहेत, की त्यांचा मेळ मला फार उशिरा लागला.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आणि हुबेहूब माझ्यासारखे शंभर भाऊ, बस. ज्योत्स्नाने मला कॉलेजसाठी घेतलं. कॉलेज संपलं आणि ती माझ्या पडद्यावर चौकटी आखून पैठणीची नक्षी काढू लागली. तिचे वडील सावळीराम मागावर बसतात. सुरुवातीला त्यांनी नाक मुरडलं. "यंत्रातला मोर कोंबडीवानी दिसतो," म्हणाले. महिन्याभरात तेच मागावरून ओरडायला लागले, "पोरी, म्होरच्या ओळी दाव गं!" माझं कौतुक त्या घरात एवढंच झालं, पण मला ते पुरलं.

गेल्या वर्षी निफाडच्या एका मुलीची लग्नाची पैठणी मागावर होती. तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्ताला तिचं लग्न. पदरावर बांगडी मोर, म्हणजे गोल बांगडी आणि तिच्या आत मोर. ज्योत्स्नाने या मोराची मान नवीनच काढली होती, मागे वळून बघणारी. ती नक्षी फक्त माझ्या पोटात होती.

त्यात मी मंद झालो होतो. एक चित्र उघडायला मला चहा उकळण्याएवढा वेळ लागे. म्हणून खंडेनवमीच्या सकाळी ज्योत्स्नाने पेनड्राइव्ह लावला आणि माझी सगळी यंत्रणा पुसून नवी भरायला घेतली. "नक्षी दुसऱ्या कप्प्यात आहे, तिला धक्का लागत नाही," असं स्वतःलाच सांगून ती झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली.

मित्रांनो, यंत्रणा भरताना आम्ही मध्येच एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्या दोन-चार क्षणांत पडदा काळा असतो. नेमक्या त्याच वेळी ज्योत्स्नाची आई सरुबाई आली. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, मग आमच्या घरी आडवा धागा नेणारा धोटा, फणी, कात्री, सगळी पाटावर बसतात. सरुबाईने मला बघितलं. "हा बी राबतोच की वर्षभर," म्हणाली, वायर काढली, पेनड्राइव्ह उपसला, आणि मला धोट्याशेजारी बसवलं. हळद, कुंकू, वर फूल. पेनड्राइव्हलासुद्धा वेगळं बोट लावलं. इतक्या मायेने मला आजवर कोणी बंद केलं नव्हतं.

पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नसतो. दसरा झाला. सावळीरामांनी मागाला हात लावला, ज्योत्स्नाने मला. आणि मला काही सुचेना. जुनं सगळं पुसलेलं, नवं अर्धवट. मी कोण, कुठून सुरू व्हायचं, कोणाला हाक मारायची, काही कळेना. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ तेवढी उमटली.

"काय म्हणतोय?" सावळीरामांनी विचारलं.

"म्हणतोय, सुरू करण्यासारखं काही सापडत नाय."

"बोलतोय ना? मग जीव हे त्याच्यात."

ज्योत्स्नाने बटण दाबून धरलं, बॅटरी काढून पुन्हा बसवली, पेनड्राइव्ह पुन्हा खुपसला. तो मला दिसेचना. "आई, तू याला उचललं तेव्हा चालू होता का?"

"बंदच होता की. पडदा काळाकुट्ट."

सरुबाई खोटं बोलत नव्हती. म्हणून तर गोंधळ वाढला. ज्योत्स्ना कपाळाला हात लावून बसली. "मीच चुकून दुसरा कप्पा पुसला असेल का गं?" मी उत्तर देऊ शकलो असतो तर बरं झालं असतं, पण माझ्या पोटात मोर उरलाय की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

माग थांबला. मोर मानेपर्यंत आलेला, बांगडी अर्धी.

"दादा, तुम्ही मनाने पुरा करा ना," ज्योत्स्ना वडिलांना म्हणाली.

"बांगडी करीन. मान तुझी हे, मला कशी यायची?"

सरुबाई तर मागाकडे बघेचना. "नवरीच्या पदरावर फुटकी बांगडी. नको बाई."

तीन दिवसांत ज्योत्स्नाने माझं बटण चौसष्ट वेळा दाबलं. सावळीरामांनी अकरा वेळा, दर वेळी हात पुसून. सरुबाईने एकदाच, तेही नमस्कार करून.

चौथ्या दिवशी मायलेकी मला जुन्या लुगड्यात गुंडाळून एसटीने नाशिकला घेऊन गेल्या. तिथे कुंदन नावाचा दुरुस्तीवाला. त्याने मला उलटा केला, विजेरीचा झोत टाकला माझ्या बरगडीवर, आणि हसायला लागला.

"ताई, याचं लग्न लावलं का तुम्ही? पेनड्राइव्हच्या खाचेत कुंकू भरलंय!"

ज्योत्स्नाने आईकडे बघितलं. "म्हणजे काम संपायच्या आधीच तू पेनड्राइव्ह उपसलास?"

"ते लाल बारकं डोकं बाहेर आलं होतं. उपसलं, अन् त्याला बी लावलं कुंकू."

"काकू, काळा पडदा म्हणजे बंद नाही," कुंदन म्हणाला. "तो कपडे बदलत होता, आणि तुम्ही तसाच देव्हाऱ्यात नेला."

सरुबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे मी मारलं का रं त्याला?"

कुंदनने मला सरळ केलं. दुसऱ्या बाजूच्या खाचेत त्याने स्वतःचा पेनड्राइव्ह लावला आणि माझ्या पोटात डोकावला. पहिला कप्पा, सगळा चुरा. दुसरा कप्पा उघडायला मी किती वेळ लावला म्हणून सांगू! तिघंही श्वास धरून बसलेली. मग 'दादा' नावाचा एक फोल्डर दिसला. आणि त्यात तो, चौकटी-चौकटींचा, मान वळवलेला.

सरुबाईने माझ्या पडद्याकडे नीट असं पहिल्यांदाच बघितलं. "अगं, हा तर मागं बघतोय," ती म्हणाली. "सासरी निघालेल्या पोरीवानी."

ज्योत्स्ना आईजवळ सरकली. तिने आईच्या पदराने डोळे पुसले.

"काकूंना एकट्यांना बोल लावू नका," कुंदन तिला म्हणाला. "एवढी नक्षी एकाच जागी ठेवली कोणी?" मोराची प्रत त्याने वेगळ्या पेनड्राइव्हवर दिली, माझी खाच पुसली, मला नवी यंत्रणा भरली. पैठणी वेळेत निफाडला गेली, बांगडी अखंड.

मी आता आणखी म्हातारा झालोय. यंदाच्या खंडेनवमीला पाट मांडला तेव्हा सरुबाई कुंकवाचं बोट तसंच वर धरून माझ्यापुढे उभी राहिली. "ज्योत्स्ना, हा निजलाय का कामात हे?"

"कामात आहे. मोरांच्या प्रती काढतोय. दहा मिनिटं थांब."

आणि सरुबाई थांबली. बोटावरचं कुंकू वाळलं, तिने पुन्हा ओलं केलं.

मित्रांनो, आमच्यावर फूल जरूर ठेवा. तेवढं आधी विचारत चला.