पाहुण्याचा राउंड

अमरावतीचा गेम थोर की अकोल्याचा, या प्रश्नावर देवरावच्या दुकानात जेवढी तोंडं वाजली तेवढी जिल्हा परिषदेच्या सभेतही वाजली नसतील. दुकान म्हणजे इतवाऱ्याच्या फुलबाजारामागची एक खोली आणि तिच्यात व्हिडिओ गेमची चार मशिनं. देवराव आधी कॅसेटी भाड्यानं द्यायचा. सीडी आली, कॅसेटींना कुणी विचारेना, तेव्हा त्यानं ही मशिनं आणून मांडली. एकावर गाड्या पळायच्या, एकावर बंदुका चालायच्या, एक कायम बंद. उरलेल्या चौथ्यासाठी मात्र पोरं जीव टाकायची. त्यावर होता 'तिघांचा गेम'. दोन्ही बाजूंना तीन-तीन लढवय्ये, एक पडला की दुसरा मैदानात, आणि सगळा मामला इतका झटपट की पापणी लवली की तुम्ही आडवे.

अकोल्याची पोरं वेगळ्याच गेमच्या भजनी लागलेली. त्याचं नाव त्यांनी 'गोल मैदान' ठेवलं होतं. त्यात ज्याचा त्याचा एकच लढवय्या. तो पुढंमागं तर जातोच, पण बाजूलाही सरकतो, समोरच्याभोवती फिरतो, वाट बघतो. तीनातले दोन राउंड घेईल तो जिंकला. अमरावतीकर म्हणायचे, ही कसली मारामारी, ही तर फुगडी. अकोलेकर म्हणायचे, तुमचं काय, नुसती बटणं बडवायची. दुसऱ्याचा गेम दोघांपैकी कुणीच धड खेळलेलं नव्हतं, पण असल्या वादात तेवढ्यानं काही अडत नाही.

या गोंगाटात रागिणी पडली ती उन्हामुळं. वलगावकडच्या मळ्यातून झेंडू-शेवंती घेऊन ती पहाटेच्या गाडीनं यायची. फुलं विकली की परतीच्या गाडीपर्यंत करायचं काय? देवरावच्या दुकानाला पत्र्याची सावली होती. आधी ती सावलीत उभी राहिली, मग दारात, मग मशीनपाशी, आणि एकदा दांडा हातात आला तो सुटलाच नाही. आता दुकानातली मुरलेली पोरं, रोहित आणि मोहसीन, सोडली तर तिथं तिच्यापुढं टिकेल असं कुणी नव्हतं, आणि तेही तिच्यापुढं बसताना बाह्या वर सारून बसत. घरी ती पंजाबरावांची लेक, बाजारात फुलवाली, आणि पाहुणे बघायला आले की 'सावळी आहे, पण कामाची आहे'. देवरावच्या दुकानात मात्र ती नुसती रागिणी होती, आणि तिघांच्या गेममध्ये तिला मानत होते. एवढी एक जागा तिची स्वतःची होती.

दोन हजार सहाचं साल. कापसाच्या पडलेल्या भावानं गावंच्या गावं खाली बसवली होती. खेड्यांतली लग्नं पुढं ढकलली जात होती, त्यामुळं हारांना गिऱ्हाईक नव्हतं, आणि रागिणीच्या टोपलीतली अर्धी फुलं पुष्कळदा तिच्याबरोबरच परत जायची. दुकानात येणारी खेड्यातली पोरंही मुठीत एकुलतं कॉइन घेऊन यायची, आणि अमरावतीच्या रिवाजाप्रमाणं रोहित त्यांना डोळ्याचं पातं लवायच्या आत हरवून उठवून द्यायचा. रागिणीही उठवून द्यायची. गेममध्ये दयामाया कसली?

अशात रोहित कसल्याशा परीक्षेसाठी अकोल्याला गेला आणि शर्यत लावून आला. दोन्हीकडचे तीन-तीन जण खेळणार, आणि हरेल त्या गावानं आपल्या चांगल्या मशीनवर वर्षभर जिंकणाऱ्याचा गेम लावायचा. खेळायचं कुठं आणि काय, यावर नाणं उडवलं, ते अकोल्याच्या बाजूनं पडलं. म्हणजे अकोल्यात, गोल मैदानावर.

"तुले कोनं सांगतलं होतं रे शर्यत लावाले?" रागिणी भडकली. "हारलो त आपला गेम जाते ना!"

"हारतो कायले?" रोहित म्हणाला. "तू हायस न तिसरी."

ती तिसरी होती याचा आनंद तिला झाला, पण त्याच दमात गेमची काळजीही लागली. तिघांचा गेम साऱ्या अमरावतीत देवरावच्या त्या एका मशीनवरच होता. तो निघाला की तिनं कुठं खेळायचं आणि तिला कुणी कशासाठी मानायचं?

मोहसीनच्या मावसभावाकडं टीव्हीला जोडायचं खोकं आणि गोल मैदानाची सीडी होती. महिनाभर तिघांनी त्याच्या घरी बसून सराव केला. चाली शिकले, बाजूला सरकायला शिकले, वाट बघायला थोडंफार शिकले. घरात बसून जे शिकता येतं ते सगळं शिकले.

रविवारी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून तिघं अकोल्याला उतरले. ताजनापेठेच्या बाजूला अब्दुल सत्तार यांचं दुकान होतं. आत गर्दी होती, पण ओरडणं नाही, शिट्ट्या नाहीत. अमरावतीच्या कानांना ते सुतकातल्या घरासारखं वाटलं. सत्तारचाचांनी उठून जागा दिली, पाणी दिलं आणि आपल्या तिघांची नावं सांगितली. तिसरं नाव त्यांच्या मुलीचं होतं, फलक. ओढणी कमरेला खोचून ती एका मशीनचं मागचं फळकूट लावत होती. रागिणी बघतच राहिली. आपल्यासारखी दुसरी कुठं असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तू बी खेळतं?" तिनं विचारलं.

"तुले काय वाटलं, मी इथं चहा देते?" फलक म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पहिला बसला रोहित. पहिला राउंड अकोलेकरानं घेतला. दुसऱ्यात मात्र त्याचा लढवय्या ठोंब्यासारखा उभा राहिला आणि रोहितनं त्याला बडवून काढला. तिसरा पुन्हा अकोलेकराचा. मग मोहसीन. त्याचंही तसंच झालं, पहिल्यात मार खाल्ला, दुसऱ्यात समोरचा ढिला पडला. पण मोहसीननं तिसराही खेचला, निम्मा हुशारीनं आणि निम्मा नशिबानं. एकास एक अशी बरोबरी झाली.

"समजलं का तुले?" रोहित रागिणीच्या कानाशी लागला. "हे लोकं पहिल्या राउंडमंदीच दमते. दुसऱ्यात दाबाचं." एवढा आत्मविश्वास त्यानं परीक्षेत दाखवला असता तर घरचे तरी खूश झाले असते.

रागिणी फलकच्या शेजारी बसली. पहिला राउंड तिनं अमरावतीच्या पद्धतीनं खेळला. फिरणं नाही, वाट बघणं नाही, अंगावर धावून जायचं. अशी घाई फलकनं बहुधा कधी पाहिली नव्हती. ती सावरेपर्यंत राउंड संपला होता.

दुसरा सुरू झाला. फलकचा लढवय्या सरळ चालत आला. ना बाजूला सरकला, ना हात वर घेतले. घरच्या अंगणातून चालावं तसा तो आला. चुकली ही, रागिणीच्या मनात आलं, आणि बोटं मनाच्या आधीच चालली. एक फटका, त्याला जोडून दुसरा, तिसरा. फलकनं दांडा झटकला तेव्हा फार उशीर झाला होता.

रोहित आणि मोहसीन आरडाओरडा करत एकमेकांच्या गळ्यात पडले. पण बाकी दुकान गप्प होतं. कुणी रागावलेलं नव्हतं, तेच तर वाईट होतं. फलकचा चेहरा भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसाचा असतो तसा झाला होता. सत्तारचाचा पुढं आले आणि म्हणाले, "जीत गये तुमी. मुबारक हो बेटी. चहा घेऊन जा."

चहा आला. रागिणीला तो गोड लागेना. जिंकलो तर होतो, मग हे चुकल्यासारखं का वाटत होतं? समोरच्या मशीनवर दोघं खेळायला बसले होते, ती उगीच तिकडं बघत राहिली. एकानं पहिला राउंड जिंकला. दुसरा सुरू होताच त्यानं दांडा सोडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि इकडंतिकडं बघत बसला. शेजारच्यानं त्याच्या लढवय्याला सावकाश, मजेत झोडपला. तिसऱ्या राउंडला मात्र दोघंही पुढं झुकले आणि खरी लढाई जुंपली.

रागिणीच्या हातात कप तसाच राहिला.

"फलक, हे काय करून राहिले?"

"काय म्हंजे? दुसरा राउंड पाहुण्याचा." फलकला प्रश्नच कळला नाही. "ज्याचा पहिला गेला त्याले दुसरा द्या लागते. खेड्यातून पोट्टे येते, खिशात एक कॉइन असते. त्याले का बसल्या बसल्या उठवून देता? तिसऱ्यात पाहा न मंग कोन खरा थे."

"मंग मले पहिलेच सांगाचं न माय!"

"हे का सांगाची गोष्ट हाय? हा गेम असाच खेळतेत." फलक थांबली. "तुमच्याकडे नाई देत?"

रागिणी मागचं आठवू लागली. रोहितचा दुसरा राउंड, मोहसीनचा दुसरा राउंड, ते बडवणं, ती फुशारकी! ते राउंड त्यांनी जिंकलेच नव्हते, त्यांना पाहुणे म्हणून वाढले होते. आणि तिनं वाढणाऱ्याच्याच हाताला चावा घेतला होता. तिला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

तिनं कप खाली ठेवला. "तिसरा राउंड बाकी हाय," ती म्हणाली.

रोहित ताडकन उठला. "डोकं फिरलं का तुय? जिंकलो आपुन! नियमानं जिंकलो! हारली त आपला गेम जाईन, रागिणी. तुयाच गेम हाय थो, माया नाई!"

"मले मालूम हाय."

"राहू दे," फलकही म्हणाली. "तुले मालूम नव्हतं. तुया दोष नाई."

"तुमी मशीनवर आमचा गेम लावसान," रागिणी तिला म्हणाली, "पन त्याच्यावर बसन कोन? जो तो म्हनन, हा चोरून आनलेला हाय." आणि ती पुन्हा जागेवर जाऊन बसली.

मशीनला मागचं काही आठवत नसतं. म्हणून नवं कॉइन टाकल्यावर आधी फलकनं हात मांडीवर ठेवले आणि रागिणीचा पहिला राउंड तिला परत दिला. मग रागिणीनं हात मांडीवर ठेवले. आपला लढवय्या मार खातोय आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे तिच्या बोटांना सोसवेना. ती मांडीवर आपोआप दाबली जात होती. फलकनं ते पाहिलं आणि ओठ दाबून हसली.

तिसरा राउंड गर्दीतल्या प्रत्येकाच्या लक्षात राहिला. रागिणी धावून गेली, फलक बाजूला सरकली. फलकनं वाट बघितली, तर रागिणीनंही बघितली, आणि अमरावतीची पोरगी थांबलेली बघून अकोल्याच्या पोरांनी चक्क शिट्टी वाजवली. शेवटी लढवय्याचा उरलेला जीव दाखवणारी पडद्यावरची पट्टी दोघींचीही नखाएवढी उरली. रागिणीच्या अंगात अमरावती उसळली, तिनं उडी घेतली, आणि फलक खाली वाकून वाटच बघत होती. रागिणी हरली.

फलकनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सत्तारचाचांनी मशीनच्या आत बसवायचा गोल मैदानाचा एक जादा बोर्ड कापडात बांधून दिला. "बेटी," ते म्हणाले, "कधी बी ये. हे दुकान तुझं हाय."

परतीच्या गाडीत मोहसीन खिडकीबाहेर बघत होता. रोहित मूर्तिजापूरपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि बोलला तेव्हा बोललाच नसता तर बरं झालं असतं. "लय मोठ्या मनाची झाली तू," तो म्हणाला. "आता घरीच बस. दुकानात येऊच नोको." रागिणीनं तोंडाला ओढणी लावली आणि रडून घेतलं. गेम गेला याचं दुःख होतं आणि ते खरं होतं. पण पुन्हा तशी वेळ आली असती तर तिनं पुन्हा तेच केलं असतं, हेही तितकंच खरं होतं.

तरीही ती दुकानात गेलीच. देवरावनं तिच्यादेखत तिघांच्या गेमचा बोर्ड काढून वर्तमानपत्रात गुंडाळला, तेव्हा तिला बघवेना आणि नजरही हलवता येईना. मग नवा गेम सुरू झाला. रोहितला तर निमित्तच पाहिजे होतं. तो तिच्या शेजारी बसला आणि तिला सलग दोन राउंड झोडपून उठला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. एक शब्द न बोलता यायचा, मारायचा आणि जायचा.

रागिणी मात्र इतर कुणाशी पहिला राउंड जिंकली की हात मांडीवर ठेवायची. पहिल्या दिवशी चांदूरचा एक पोऱ्या घाबरलाच. "काहून वं ताई, मशीन बिघडली का?" "बिघडली नाई. तुया राउंड हाय, खेळ." पोरांनी तिची टर उडवली, कुणी तिला दानशूर म्हणालं. देवराव कुरकुरला की अशानं गल्ल्यात काय पडणार. पण एका कॉइनवर जास्त वेळ बसायला मिळतं ही बातमी एसटीच्या स्टँडपर्यंत पोचली आणि गर्दी वाढली, तशी त्याची कुरकुरही थांबली. मोहसीनही हात मांडीवर ठेवायला लागला. मग आणखी दोघं-तिघं. एका रोहितनं ते कधी केलं नाही.

पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. फुलं त्या दिवशी सगळी खपली होती. रोहित नेहमीसारखा येऊन बसला आणि त्यानं नेहमीसारखा पहिला राउंड घेतला. दुसरा सुरू झाला. रागिणी दात-ओठ खाऊन तयार होती, पण त्याचा लढवय्या जागचा हलेना. तिनं एक फटका दिला. तो उभाच. दुसरा दिला. तरी उभाच. तिनं मान वळवून शेजारी पाहिलं. रोहितचे दोन्ही हात मांडीवर होते आणि तो छताच्या पंख्याकडं बघत होता.

"बटन अडकलं," तो म्हणाला. "मार लौकर."