दोनशे पायांवर चाललेले घर

मी एक जुने लाकडी घर आहे. जुने म्हणालो, पडके नाही. आणि मित्रांनो, मी एकदा चाललो आहे. मला सुटे करून गाडीत घातले नव्हते. छप्पर, खिडक्या, जिना सगळ्यांसकट मी भातखाचरांतून चालत गेलो. आठवले की अजून माझ्या फळ्या शहारतात.

इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर, नदीच्या काठी, माझ्या मालकिणीच्या, नूरहायाच्या पणजोबांनी मला बांधून घेतले. माझे वीस खांब जमिनीत पुरलेले नाहीत, दगडांवर टेकलेले आहेत. माझ्या अंगात एकही खिळा नाही, नुसत्या खाचा आणि खुंट्या. खाली होडी आणि कोंबड्या, वर माणसे. पाहुणे जिना चढताना माझ्या तुळयांवरून हात फिरवत. पुढे गावात विटांची घरे झाली आणि तेच लोक मला ‘जुनाट’ म्हणू लागले. मला वाईट वाटे, पण घर कोणाला सांगणार?

मग नदी काठ खात खात माझ्यापासून बारा पावलांवर आली. शहरातून लाकडाचा व्यापारी आला. माझे खांब ठोकून म्हणाला, “असलं लाकूड आता रानातही नाही. शनिवारी माणसं पाठवतो, सुटं करून नेतील.”

नूरहायाचा धाकटा भाऊ रुस्तान खूश झाला. “ताई, देऊन टाक. नदी गिळणारच आहे. चढावर विटांचं छान घर बांधू.”

नूरहाया मागावर रेशीम विणत होती. हात न थांबवता म्हणाली, “चढावरच जायचंय ना? मग हेच नेऊ.”

“काखेत मारून?”

“तुझ्या काखेत मावायचं नाही. शुक्रवारी नमाजानंतर गावाला बोलावते.”

तिने आधी पुआंग बेद्दूंना आणले. गावातले घरे बांधणारे हे शेवटचे गुरू, वय ऐंशीच्या पुढे. दहा वर्षांत त्यांना कोणी काही विचारले नव्हते. ते वाकून माझ्या खाली शिरले, एकेक सांधा बोटांनी चाचपला आणि हसले. “ज्यानं हे बांधलं, त्याला माहीत होतं, कधीतरी हे उचलावं लागेल.”

शुक्रवार उजाडला. खांबांना आडवे बांबू बांधले गेले. बायकांनी चिकट भात आणि माशाचे कालवण चुलीवर चढवले. शंभर माणसे हवी होती, आली साठ. बाकीची तरुण पोरे शहरात. माझे काळीज तुटायला आले. तेवढ्यात नदीत होड्या दिसल्या. पलीकडचे गाव! होड्यांच्या शर्यतीवरून नऊ वर्षे आमच्याशी बोलत नव्हते. त्यांचा म्होरक्या उतरून म्हणाला, “भांडण होडीचं आहे. घरानं आमचं काय वाकडं केलंय?”

पुआंग बेद्दूंनी नूरहायाला मागाजवळ, आतच बसवले. “घरात माणूस असलं, की खालचे पाय जपून टाकतात.” मग त्यांनी हात वर केला. शंभर खांदे बांबूला भिडले आणि माझे खांब दगडांवरून सुटले. मित्रांनो, मी हवेत होतो! रुस्तानही बांबूखाली घुसला. शेजारचा म्हणाला, “अरे, उचल, लोंबकळू नकोस.” सगळे खदखदले आणि मी त्या हसण्यावर डुलत निघालो.

अर्ध्या वाटेवर चिखलात मागचा कोपरा खचला. मी कलंडलो. कर्रकन आवाज होऊन मोठ्या तुळईची खुंटी निसटली आणि चिखलात गडप झाली. तुळई सुटली असती तर सगळे छप्पर नूरहायावर आले असते. खाली माणसे दात आवळून उभी होती.

“माझ्याकडे मोठा खिळा आहे,” रुस्तान ओरडला.

“खिळा नको,” पुआंग म्हणाले. “डुलताना लाकूड हलतं, खिळा हलत नाही. तुळई फाटेल. कडक लाकूड द्या कुणीतरी, लवकर.”

नूरहायाने मागावरची वीण ठोकायची फळी ओढून काढली. तिच्या आईची, काळ्या ताडाची. क्षणभर ती छातीशी धरली आणि खिडकीतून खाली दिली. पुआंगांच्या म्हाताऱ्या हातांनी सुरीने ती झरझर तासली. खुंटी बसली. मी पुन्हा ताठ झालो.

दुपारी मला चढावर, नव्या दगडांवर टेकवले. दोन्ही गावे माझ्या सावलीत एका पंगतीला जेवली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी व्यापाऱ्याची माणसे आली, ती चहा पिऊन परत गेली. अकराव्या दिवशी माझी जुनी जागा नदीत कोसळली.

आता रुस्तान रोज संध्याकाळी पुआंग बेद्दूंकडे खुंट्या तासायला शिकतो. अजून त्याच्या खुंट्या वाकड्याच होतात. “ही कोंबड्यांच्या खुराड्याला लाव,” असे पुआंग म्हणतात आणि दुसरे लाकूड पुढे करतात.

मित्रांनो, जुने घर दिसले तर नुसते फोटो काढून जाऊ नका. वर या, बसा, कोणी बांधले, कसे बांधले ते विचारा. मला उचलायला शंभर जण आले, पण कसे उचलायचे ते एकालाच ठाऊक होते.