डोसाइल

"बाबा, हा शब्द तुम्ही सिस्टरबाईंना लावलात?" मुलीने हातातला घास ताटात परत ठेवला. "अहो, डोसाइल म्हणजे गरीब गाय. दावं धरून न्याल तिकडे जाणारी."

मी दवाखान्यातला टंकलेखक. दरसाल प्रत्येकाचा गोपनीय अहवाल तयार करायचा. त्यात 'स्वभाव' या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "सगळे ऐकणारे आहेत, लिहा काहीतरी." कचेरीतल्या जुन्या शब्दकोशात पाच शब्दांपुढे एकच अर्थ होता, आज्ञाधारक. सगळ्यांना एकच शब्द बरा दिसत नाही म्हणून मी ते वाटून टाकले. दारवानाला ओबीडियंट, धोब्याला सबमिसिव्ह. सिस्टरबाईंवर माझी माया, म्हणून कानाला सगळ्यात गोड लागला तो त्यांना दिला. नऊ वर्षं.

आणि त्या दिवशी हेडसिस्टरच्या जागेसाठीचा त्यांचा अर्ज निवड समितीकडून तिसऱ्यांदा परत आला होता. वर शेरा : 'स्वभाव डोसाइल. वॉर्ड हाताखाली देता येणार नाही.' फेरविचाराला आठ दिवस होते. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार.

सकाळी मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"शब्द बदलायचाय साहेब. ड्यूटिफुल करायचाय."

"काय फरक पडतो? दोन्हींचा अर्थ ऐकणारी असाच ना?"

"वाकणं वाकणं सारखं नसतं साहेब. कुणी धाकानं वाकतो, कुणी सवयीनं. आणि आई वाकते ती लेकराला उचलायला."

"झालं तुमचं निरूपण सुरू."

"त्या लहान मुलीच्या औषधाचं आठवतं? तुम्ही लिहिलेला कागद घेऊन बाई दारात उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, एक शून्य जास्त पडलंय बहुतेक, तुम्ही पुन्हा लिहाल तोवर मी थांबते. तुम्ही दोनदा ओरडलात. बाई हलल्या नाहीत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आधीचा शब्द कुणाचा, ते समिती विचारेल."

"माझा. तसं लिहून आणलंय, खाली सही केलीय. नाव वाचता न येणारं औषध वाटत बसलो नऊ वर्षं."

त्यांनी माझा कागद वाचला, नव्या अहवालावर सही केली आणि म्हणाले, "धोब्याचंही बघा एकदा."

मग मी वॉर्डात गेलो. सिस्टरबाई एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी बदलत होत्या. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांचे हात थांबले नाहीत.

"जागा मिळेल?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही. कागद आज जाईल."

"भाऊ, मला वाटायचं माझ्यातच काहीतरी उणं आहे," त्या पट्टीकडे बघत म्हणाल्या. "घरी आरशासमोर उभी राहून जरा मोठ्यानं बोलायची सवय करत होते."

म्हातारा म्हणाला, "बाई, माझ्याशी नका बुवा मोठ्यानं बोलू. आहे तेच बरंय."

त्या हसल्या. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतली घंटा वाजली. पुन्हा वाजली. मी सवयीने दाराकडे वळलो.

"सांगा त्यांना, येते," सिस्टरबाई म्हणाल्या, आणि पट्टीचं टोक दुमडून, म्हाताऱ्याला कुठे रुततंय का ते विचारत, सावकाश गाठ बांधू लागल्या.