सोलापुरातले सगळे चाहते

धम्मप्रिया तळभंडारेला नवीन गाण्यांचं वेड होतं. सिनेमातली गाणी नव्हेत. कुणी नागपुरात, कुणी कोल्हापुरात, कुणी शिलाँगला आपल्याच खोलीत बसून रेकॉर्ड केलेली. दर डिसेंबरात ती वर्षातल्या आवडत्या दहा गाण्यांची यादी इन्स्टाग्रामवर टाकायची आणि प्रत्येक गाण्याखाली चार-चार ओळी लिहायची. वाचणारे मोजकेच. तिच्या भावानं, रत्नदीपनं, एकदा तोंडावर सांगून टाकलं होतं, "मी लाईक करतो. वाचत नसतो."

गेल्या यादीत पहिल्या नंबरावर होते 'गच्चीवरचे लोक'. नाशिकची जोडगोळी. ऋतुजा लिहायची आणि गायची, सिद्धनाथ गिटार वाजवायचा. दोन वर्षांत त्यांची सातच गाणी आली होती, पण धम्मप्रियाला त्यातल्या प्रत्येक गाण्यात ऋतुजा श्वास कुठं घेते तेसुद्धा पाठ होतं.

ती कामाला होती अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका टॉवेलच्या कारखान्यात. भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट आणि अलीकडं पॅकिंगचा हॉल. तिथं ती टॉवेल तपासायची आणि बाकी पाच बायका घड्या घालून लेबलं लावायच्या. हॉलमध्ये एक स्पीकर होता आणि त्यावरून पूर्वी रोज भांडणं व्हायची. शेवटी वळसंगहून येणाऱ्या चंद्रव्वानं तह घडवून आणला. सकाळी चहापर्यंत देवाची गाणी, चहा ते जेवण मीनाबाईंची जुनी सिनेमाची, आणि जेवणानंतर सुट्टी होईपर्यंत "ह्या पोरीचं काय ते रडगाणं". रोज एकीचाच डेटा जाऊ नये म्हणून फोन पाळीपाळीनं लावायचे. धम्मप्रियानं सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं होतं. असं दीड वर्ष चाललं होतं.

आणि एका सोमवारी धम्मप्रियाला ऋतुजाचा मेसेज आला. खुद्द ऋतुजाचा.

"तू आमच्यावर लिहिलेलं वाचलं. खूप छान वाटलं! एक गंमत सांगू? आमची गाणी सगळ्यात जास्त कुठे वाजतात ते ॲपवर दिसतं. पुणे दुसरं, नाशिक तिसरं आणि पहिलं सोलापूर! आम्हाला कल्पनाच नव्हती. येत्या गुरुवारी आम्ही कलबुर्गीला कार्यक्रमाला निघालोय. वाटेत दुपारी थांबू. तुमच्याकडच्या चाहत्यांना भेटता येईल?"

धम्मप्रियानं मेसेज तीनदा वाचला. चौथ्यांदा वाचताना ती 'पहिलं सोलापूर'पाशी अडली. सोलापूर म्हणजे कोण, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं. सोलापूर म्हणजे पॅकिंगचा हॉल. सहा फोन आणि रोजची दुपार.

खरं सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण पुण्याला मागं टाकलेलं सोलापूर असं हातचं कसं सोडायचं? तिनं लिहिलं, "हो की! लई चाहते आहेत इथं. या तुम्ही."

मग तिची पळापळ सुरू झाली. रत्नदीपच्या मित्रांना विचारलं, तर ते म्हणाले, डीजे असेल तर येतो. कॉलेजच्या जुन्या मैत्रिणींचा ग्रुप तिनं खणून काढला, तर त्यातल्या निम्म्या लग्न होऊन अकलूज-बार्शीला गेलेल्या. सात रस्त्याजवळच्या एका कॅफेतली वरची खोली तिनं ठरवली आणि इन्स्टाग्रामवर जाहीर केलं. अकरा जणांनी 'येणार' म्हणून कळवलं.

हॉलमध्ये ही बातमी लपणं शक्यच नव्हतं.

"गुरवारी रजा कशाला गं?" चंद्रव्वानं विचारलं.

"गाणारे येणार आहेत. आपण लावतो ना, ते."

"ते? खरंच?" चंद्रव्वाच्या हातातली घडी थांबली. "मग आमी बी येतो की."

धम्मप्रिया गडबडली. चाहते कसे असतात ते तिनं रीलमध्ये पाहिलं होतं: गोल चष्मे, खांद्याला कापडी पिशव्या, डोळे मिटून डोलणारी माणसं. त्यांच्यात कपाळभर कुंकू लावलेली चंद्रव्वा तिला काही केल्या बसवता येईना.

"कॅफेत आहे, अव्वा. जागा लहान आहे. तुम्हाला अवघडल्यासारखं होईल."

"बरं," चंद्रव्वा म्हणाली आणि पुन्हा घड्या घालू लागली. त्या दुपारी कुणी गाणी लाव म्हटलं नाही.

गुरुवारी दोन वाजता कॅफेत ऋतुजा आणि सिद्धनाथ आले. ऋतुजा फोटोत दिसते त्याहून बुटकी होती आणि तिला सर्दी झाली होती. अडीच वाजले. अकरांपैकी दोघं आले. एकानं गोल चष्मा घातला होता खरा, पण तो कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून कामाला लागला. दुसऱ्याला वाटलं होतं की इथं गिटारचा क्लास सुरू होतोय.

पावणेतीनला ऋतुजानं घड्याळ पाहिलं. "ट्रॅफिक असेल का?"

सात रस्त्यावर ट्रॅफिक असतंच. पण धम्मप्रियाला आता खोटं पुढं रेटवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. टॉवेल, स्पीकरचा तह, सहा फोन, सगळं. बोलताना ती टेबलाकडं बघत होती.

सिद्धनाथ, जो आल्यापासून फक्त "हो" आणि "पाणी" एवढंच बोलला होता, म्हणाला, "म्हणजे दीड वर्ष, रोज? आमच्या आईनेसुद्धा एवढं ऐकलं नाहीये."

ऋतुजा शिंकली आणि शिंकता शिंकता हसू लागली. "त्या बायका आत्ता कुठे आहेत?"

"कामावर."

"मग आपण इथे काय करतोय?"

कारखान्याचे मालक सिद्रामप्पा दारातच उभे होते. गिटार बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दुपारच्या चहाच्या सुट्टीपर्यंत गावा. पण माल संध्याकाळी जायचाय. हात थांबले न्हाई पायजेत."

धम्मप्रिया हॉलमध्ये शिरली. चंद्रव्वानं मान वर केली नाही.

"अव्वा, कॅफेत कुणी आलं नाही," धम्मप्रिया हळूच म्हणाली. "माझंच चुकलं. तुम्हालाच न्यायला पायजे होतं."

"व्हय, चुकलंच," चंद्रव्वा म्हणाली. मग तिनं ऋतुजाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "हीच का ती? सर्दी झालीय की हिला." तिनं लेबलं लावणाऱ्या पोरीला हाक मारली. "सिद्धेश्वरी, त्या थर्मासातलं गरम पाणी दे."

गरम पाणी पिऊन, टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून ऋतुजानं पहिलं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मीनाबाई मिसळल्या, तिसरीला सगळ्या. घड्या घालता घालता, मागांच्या वर आवाज चढवून, पाचही बायका गाऊ लागल्या. धम्मप्रिया तोंड उघडं टाकून बघत राहिली. दीड वर्ष तिला वाटत होतं की या नाइलाजानं ऐकतात.

धृपद आलं. ऋतुजा गात होती, "उशीर माझाच रे, वाट तुझीच रे." हॉल गात होता, "उशी रं माझीच रे, खाट तुझीच रे."

सिद्धनाथची बोटं थांबली. "काय म्हणालात?"

"उशी माजी, खाट तुजी," चंद्रव्वानं समजावलं. "नवरा-बायकोचं भांडण हाय न्हवं? आमच्या घरी रोजचंच. म्हणून तर आवडतं मला."

"अहो आजी, ते उशीर आहे. म्हणजे यायला वेळ झाला..."

"त्यात काय गाणं लिवायचं? माझी एसटी रोज उशिरा येती."

ऋतुजानं हसता हसता डोळे पुसत गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं, या वेळी उशी-खाटेचं. मग मीनाबाईंनी तिला सांगितलं की चौथ्या गाण्यात डुलकी लागते, आणि सिद्धेश्वरीनं सिद्धनाथला विचारलं की सहाव्याच्या शेवटी तो छान तुकडा वाजवतो, तो आज का गाळला. तो ओशाळला आणि त्यानं तो तुकडा दोनदा वाजवला. सिद्रामप्पा दारातून दोनदा रागवायला आले आणि दोन्ही वेळा तिथंच उभे राहिले.

निघताना ऋतुजानं धम्मप्रियाला मिठी मारली. "पुण्यात लोक टाळ्या वाजवतात. चूक कुणी काढत नाही. आम्ही परत येऊ."

"छलो अद, चांगलं हाय," चंद्रव्वा कानडी-मराठीत म्हणाली आणि जाता-येता खायला शेंगाचटणीची पुडी ऋतुजाच्या हातात कोंबली. "बरं गाती पोरगी. पण स्वेटर घाल म्हणावं."

गाडी गेटबाहेर वळली. धम्मप्रियाचे पाय अजून जमिनीला लागत नव्हते. आत येऊन तिनं स्पीकरला फोन जोडला आणि सवयीनं 'गच्चीवरचे लोक' शोधू लागली.

"आता ते बास की गं," मीनाबाई ओरडल्या. "आताच ऐकलं न्हाई का समोर? दुसरं लाव काय तरी. नवीन."

धम्मप्रियाकडं नवीन होतंच. कोल्हापूरची एक मुलगी, एकटीच गाते, साथीला नुसती डफली. गाणं कालच सापडलं होतं आणि तिनं ते अजून कुणाला ऐकवलं नव्हतं. तिनं बटण दाबलं आणि टॉवेल हातात घेऊन पाचही चेहऱ्यांकडं चोरून बघत उभी राहिली.